चष्म्याचा नंबर घालवण्याची सव्वाशे वर्षे

नंबर घालवायला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलेल्या माणसापुढे हल्ली एक छापील कागद सरकवतात. पीआरके, लॅसिक, फेम्टो लॅसिक, स्माइल, आयसीएल अशी नावे आणि पुढे किमती. मोबाइलची मॉडेले बघावीत तसा तो कागद वाचला जातो: खालचे ते नवे, नवे ते चांगले. खरे तर यातले जवळजवळ प्रत्येक नाव आधीच्या कुठल्या तरी फजितीवरचा उतारा म्हणून पुढे आले आहे. त्या फजित्या उघड व्हायला मात्र बहुतेक वेळा दहा-वीस वर्षे गेली. डोळा तक्रार उशिरा करतो.

बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा जो पारदर्शक पडदा असतो त्याला पुस्तकात पारपटल म्हणतात, दवाखान्यात सगळे कॉर्निआच म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. आत येणारा प्रकाश वाकवण्याचे दोन तृतीयांश काम तोच करतो, बाकीचे आतले नैसर्गिक भिंग. मायनस नंबरवाल्याचा डोळा बहुधा थोडा लांबट असतो, म्हणून दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या, अलीकडेच तयार होते. डोळा काही आखूड करता येत नाही. मग कॉर्निआ सपाट करायचा, एवढीच ही कल्पना. पुढे बदलत गेले ते हत्यार.

नेदरलँड्समधल्या लायडनच्या लान्स यांनी १८९८ च्या सुमारास सशांच्या कॉर्निआवर चिरा देऊन पाहिल्या आणि चीर कशी, किती खोल दिली तर आकार कसा बदलतो याची मांडणी केली. माणसांपर्यंत ही गोष्ट आणली टोकिओच्या डॉ. त्सुतोमु सातो यांनी. कॉर्निआ शंकूसारखा पुढे येण्याचा एक आजार असतो. अशा काही रुग्णांत कॉर्निआचा आतला थर आपोआप फाटला आणि जखम भरल्यावर कॉर्निआ सपाट झाला, हे त्यांनी पाहिले होते. निसर्ग करतो ते आपण सुरीने करू, असे ठरवून त्यांनी १९३०-४० च्या दशकांत कॉर्निआच्या आतल्या बाजूने चिरा द्यायला सुरुवात केली. नंबर उतरला आणि पुढे शेकडो डोळ्यांवर ही शस्त्रक्रिया झाली.

घात झाला तो आतल्या बाजूने. कॉर्निआच्या मागच्या पृष्ठभागावर पेशींचा एकच थर असतो. झिरपणारे पाणी सतत बाहेर फेकून कॉर्निआ पारदर्शक ठेवायचे काम तो करतो, आणि माणसात या पेशी एकदा गेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. त्या काळी हे कोणाला नीट ठाऊक नव्हते. उरलेल्या पेशींनी दहा-वीस वर्षे कसेबसे पाणी उपसले, मग त्या थकल्या. एकेकाचा कॉर्निआ सुजून पांढुरका पडू लागला. सातो १९६० मध्येच वारले होते.

कोलंबियात बोगोटाला स्थायिक झालेले स्पॅनिश डॉक्टर होसे इग्नासिओ बार्राकेर वेगळ्याच वाटेने चालले होते. कॉर्निआची वरची चकती कापून काढायची, गोठवून कडक करायची, बारीक लेथवर भिंगासारखी तासायची आणि परत डोळ्यावर शिवायची. वाचताना अंगावर काटा येतो, पण साठच्या दशकात त्यांनी हे माणसांवर करून दाखवले. ही शस्त्रक्रिया फारशी पसरली नाही. तिच्यातली चकती कापायची युक्ती मात्र मागे राहिली, पुढे कामाला येण्यासाठी.

सातोंच्या चिरा परत आणल्या मॉस्कोच्या स्व्यातोस्लाव फ्योदोरोव्ह यांनी. ते स्वतः सांगत ती गोष्ट अशी: एका मुलाचा चष्मा मारामारीत फुटला, काचांनी कॉर्निआ चिरला, आणि जखमा भरल्यावर त्याचा नंबर बराच उतरला होता. फ्योदोरोव्ह यांनी चिरा बाहेरच्या बाजूने दिल्या, सायकलच्या चाकातल्या तारांसारख्या, मधला भाग मोकळा ठेवून. माणूस मोठा हिकमती. त्यांच्या मॉस्कोच्या संस्थेत रुग्ण फिरत्या पट्ट्यावरून एकेका डॉक्टरपुढे सरकत, आणि प्रत्येक डॉक्टर शस्त्रक्रियेचा आपला तेवढाच टप्पा करी. मोटारीच्या कारखान्यात चाके बसवतात तसे. १९९६ मध्ये ते रशियाच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूकही लढले, आणि २००० मध्ये हेलिकॉप्टर अपघातात गेले.

१९७८ मध्ये ही पद्धत अमेरिकेत पोहोचली आणि तिथे तिचे पेवच फुटले. चांगली गोष्ट अशी की तिथल्या सरकारी नेत्रसंस्थेच्या पैशाने रुग्णांचा दहा वर्षे पाठपुरावा झाला. १९९४ मध्ये निष्कर्ष आले. बहुतेकांचे चष्म्याविना बरे चालले होते, पण ४३ टक्के डोळ्यांत नंबर उलट बाजूला, म्हणजे प्लसकडे, एक किंवा त्याहून जास्त सरकला होता. चिरा दिलेला कॉर्निआ वर्षानुवर्षे सपाट होतच राहिला होता. काहींना सकाळी एक दिसे, संध्याकाळी दुसरे.

याचे सर्वात विदारक उदाहरण डोंगरावरचे. मे १९९६ मध्ये एव्हरेस्टवर वादळात जे गिर्यारोहक अडकले त्यांत टेक्ससचे डॉक्टर बेक वेदर्स होते. त्यांच्या डोळ्यांवर ही चिरांची शस्त्रक्रिया झालेली होती. विरळ हवेत प्राणवायू कमी पडला, चिरांच्या जागी कॉर्निआ फुगून त्याचा आकार बदलला, आणि शिखराच्या वाटेवर त्यांना दिसेनासे झाले. जीव वाचला, पण हिमदंशात एक हात कोपराखाली गेला आणि दुसऱ्या हाताची बोटे गेली.

तोवर सुरीची जागा घेणारे हत्यार तयार झाले होते, तेही डोळ्यांच्या दवाखान्यात नव्हे. न्यूयॉर्कजवळ यॉर्कटाउन हाइट्स इथल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत रंगस्वामी श्रीनिवासन, जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम हे तिघे एक्सायमर लेझरवर काम करत होते. श्रीनिवासन मूळचे मद्रासचे, तिथल्याच विद्यापीठात शिकलेले. प्लॅस्टिकवर हा लेझर सुबक खाचा पाडतो हे माहीत होते, जिवंत शरीराच्या ऊतींवर काय करील? २७ नोव्हेंबर १९८१ ला, थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाच्या दुसऱ्या दिवशी, श्रीनिवासन घरच्या मेजवानीतली उरलेली टर्की प्रयोगशाळेत घेऊन आले. शिळ्या पक्ष्यावर १९३ नॅनोमीटरचे अतिनील किरण पडले आणि पाटीवर कोरावी तशी खाच उमटली. कडेला डाग नाही की जळल्याची खूण नाही. न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी यातला डोळ्याचा उपयोग ओळखला, आणि १९८३ मध्ये त्यांचा आणि श्रीनिवासन यांचा कॉर्निआवरचा निबंध प्रसिद्ध झाला.

लेझर चालू असताना जळक्या केसांसारखा वास येतो, असे नंबर घालवून आलेले बरेच जण सांगतात. टेबलावर पडलेल्याला वाटते, आपला डोळा भाजतोय. तसे काही होत नाही. या किरणांची ऊर्जा रेणूंचे बंधच तोडते आणि सुटलेले कण उष्णता घेऊन उडून जातात. तो वास त्या कणांचा. एका ठोक्याला मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा, साधारण चौथा हिस्सा निघतो. सहा मिलिमीटरच्या वर्तुळात एक नंबर उतरवायला सुमारे १२ मायक्रॉन लागतात, पाच नंबर म्हणजे साठ मायक्रॉन. माणसाचा केस जवळपास तेवढाच जाड असतो.

दिसणाऱ्या डोळ्यावर हा लेझर प्रथम वापरला तो १९८८ मध्ये, न्यू ऑर्लिन्सच्या मार्गरीट मॅक्डोनाल्ड यांनी. कर्करोगामुळे जो डोळा काढावाच लागणार होता तो एका बाईंनी प्रयोगासाठी देऊ केला. ही शस्त्रक्रिया म्हणजे पीआरके, आणि १९९५ मध्ये अमेरिकेत तिला मंजुरी मिळाली. तिच्यात वरची नाजूक त्वचा खरवडून मग लेझर मारतात. ती परत येईपर्यंत तीन-चार दिवस डोळ्यांत तिखट गेल्यासारखे होते. इथे बोगोटाची चकती कामाला आली. ग्रीसमधल्या क्रीट बेटावरचे इओआनिस पालिकारिस यांनी चकती पूर्ण न कापता एका कडेला बिजागरीसारखी जोडलेली ठेवली, पान उलटावे तशी उघडली, खाली लेझर मारला आणि पान मिटले. लॅसिक हे नावही त्यांचेच. दुसऱ्या दिवशी माणूस कामावर. नव्वदच्या दशकात लॅसिक जगभर पसरले त्याचे कारण नंबर अचूक उतरतो यापेक्षाही हेच, दुखत नाही.

त्याची किंमतही कळली. १९९८ पासून लॅसिकनंतर कॉर्निआ पुढे फुगल्याचे रुग्ण नोंदले जाऊ लागले. हे तर सातोंनी पाहिलेल्या त्या शंकूसारखेच! मिटलेले पान पूर्वीसारखे जोर धरत नाही, भार खालच्या उरलेल्या थरावर येतो. तिथे निदान २५० मायक्रॉन शिल्लक राहावेत हा दंडक त्यातून आला. आज नंबर तपासून झाल्यावर कॉर्निआचा तांबडा-निळा नकाशा काढतात, आधी काही दिवस कॉन्टॅक्ट लेन्स घालू नका म्हणतात, आणि कधी कधी ‘तुमचे होणार नाही’ असे सांगून परत पाठवतात, ते या अनुभवामुळे. परत पाठवणारा डॉक्टर मला तरी जास्त भरवशाचा वाटतो.

पान कापायचे पातेही गेले, एका अपघाताने. १९९३ मध्ये मिशिगन विद्यापीठात जेरार मूरू यांच्या प्रयोगशाळेत अतिसूक्ष्म काळ चमकणारा लेझर एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात गेला. तपासणाऱ्या तरुण डॉक्टरला दृष्टिपटलावरची जखम विलक्षण रेखीव दिसली, आणि त्यातून अशा फेम्टोसेकंद लेझरने कॉर्निआ कापण्याचे काम सुरू झाले. कागदावरचे फेम्टो लॅसिक ते हेच. त्या लेझरमागच्या तंत्रासाठी मूरू आणि डॉना स्ट्रिकलंड यांना २०१८ चे नोबेल मिळाले. जर्मनीत सेकुंडो आणि ब्लम (आयबीएमचे ब्लम वेगळे) या डॉक्टरांनी पानच रद्द केले. लेझरने आतल्या आत भिंगाच्या आकाराचा तुकडा सोडवायचा आणि दोन ते चार मिलिमीटरच्या चिरेतून चिमट्याने ओढून काढायचा, हे स्माइल. त्याच्या सुरुवातीच्या अभ्यासांपैकी एक बडोद्याच्या डॉ. रूपल शहा यांचा आहे. यात नसा कमी तुटतात. नंबर थोडा उरलाच तर पुन्हा तसेच करणे मात्र अवघड.

कॉर्निआ पातळ किंवा नंबर फार मोठा असेल तर आयसीएल, म्हणजे नैसर्गिक भिंगापुढे आत बसवायचे जादा भिंग. याची मुळेही फ्योदोरोव्ह यांच्याकडेच, १९८६ मधली. जुन्या भिंगांमुळे डोळ्यातल्या पाण्याची वाट अडे आणि काहींना मोतीबिंदू होई. आता मधोमध ०.३६ मिलिमीटरचे भोक ठेवतात.

एका ठिकाणी सगळेच अडते. जवळचे वाचायच्या चष्म्याला मराठीत चाळिशी म्हणतात. चाळिशीत आतले भिंग ताठर होते, आणि कॉर्निआ कितीही तासला तरी ते मऊ होत नाही. उलट अडीच नंबरवाला माणूस पेपर वाचताना चष्मा कपाळावर सरकवतो, ती सोय लेझरनंतर जाते. हे पंचविशीतल्या मुलाला कितीही सांगा, त्याच्या कानावरून जाते.

१९९९ मध्ये पंचविशीत लॅसिक केलेली माणसे आता पन्नाशी ओलांडून मोतीबिंदूच्या वयाकडे निघाली आहेत. मोतीबिंदू काढताना आत किती नंबरचे भिंग बसवायचे हे कॉर्निआ मोजून ठरवतात, आणि ते मोजमाप न तासलेला कॉर्निआ गृहीत धरते. तासलेल्या डोळ्यात हिशेब चुकतो, भिंग कमी ताकदीचे निघते, माणूस प्लसमध्ये जातो. आता जुन्या आकड्यांवाचून चालणारी सूत्रे निघाली आहेत, तरी डॉक्टर विचारतातच: लेझरच्या आधी नंबर किती होता? तो लिहिलेली फाइल बहुधा जुन्या घराच्या माळ्यावर असते.