बेंजो आणि बॅन्जो: नाव एक, वाद्यं दोन

गेल्या श्रावणात भाच्याचा फोन आला. "मामा, ह्याचं कातडं कुठून आवळायचं? व्हिडिओत सांगतायत, सगळ्यात आधी कातडं बघा. इथं तर नुसती बटणंच आहेत."

गणपतीत बेंजो पार्टीबरोबर वाजवायचं म्हणून त्याने एक जुना बेंजो विकत घेतला होता. तो सुरात कसा लावायचा ते इंटरनेटवर शोधलं, तर समोर आलं ते सगळं अमेरिकन बॅन्जोचं. त्याच्या पुढ्यात होता तो आपला, मुंबईच्या मिरवणुकीतला. नाव एकच, दोघांनाही पोलादी तारा, दोघांचाही आवाज खणखणीत आणि गर्दीतून वर येणारा. पण एकाच्या सूचना दुसऱ्याला लावल्या तर वाद्य हातचं जातं. म्हणून हे सविस्तर लिहितो. सोयीसाठी आपल्याकडच्याला 'बेंजो' म्हणतो आणि अमेरिकेतल्याला 'बॅन्जो'.

आपला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर आडव्या ताणलेल्या तारा आणि तारांवर हार्मोनियमसारखी मांडलेली बटणं. डाव्या हाताने बटण दाबलं की ते तारेला खालच्या पडद्यावर, म्हणजे धातूच्या आडव्या पट्टीवर, टेकवतं, तार तेवढी आखूड होते आणि सूर चढतो. उजव्या हातातल्या पिकने, म्हणजे छोट्या चपट्या तुकड्याने, तार छेडायची. म्हणजे डाव्या हाताचं बोट तारेला कधी लागतच नाही. बॅन्जोत हे नेमकं उलटं. तिथे गिटारसारखी लांब दांडी असते, तिच्यावर पडदे असतात आणि बोट थेट तारेवर पडतं. तारांचा भार मात्र लाकडी पेटीवर नसतो, तो असतो एका गोल कड्यावर ताणलेल्या कातड्यावर. ढोलकीचं तोंड घ्या, त्याच्यावर घोडी, म्हणजे तारांना आधार देणारी छोटी पट्टी, उभी करा आणि घोडीवरून तारा न्या, झाला बॅन्जो. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारं काही शोधायचं तर सरोद. सरोदाची घोडीही कातड्यावरच उभी असते.

दोघांची जन्मगावं तर एकमेकांपासून समुद्रापार. बेंजोचं मूळ जपानमध्ये आहे. १९१२ साली नागोयात गोरो मोरिता यांनी टाइपरायटरच्या बटणांची कल्पना तारवाद्यावर बसवली. तो ताइशो राजवटीचा पहिला काळ, म्हणून वाद्याचं नाव पडलं ताइशोगोतो. तिथून ते बोटींनी दक्षिण आशियात आलं. आपल्याकडे त्याला बुलबुल तरंग म्हणाले, कुठे 'जपान बँजो' म्हणाले, आणि बोलण्यात उरला तो बेंजो. बलुचिस्तानात त्याचंच बेंजू झालं. पसनीकडचे उस्ताद नूर बख्श ते ज्या ताकदीने वाजवतात ते एकदा ऐकाच. हे लहान मुलांचं खेळणं आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर नक्की ऐकावं.

बॅन्जोचं मूळ पश्चिम आफ्रिकेत. सेनेगल-गांबियातल्या जोला लोकांचं अकोंटिंग नावाचं वाद्य आजही वाजतं: भोपळा, त्यावर कातडं, काठीची दांडी, तीन तारा, आणि त्यातली एक आखूड तार अंगठ्याने छेडायची. गुलाम म्हणून जहाजांत कोंबून नेलेल्या माणसांनी हा मेळ डोक्यात जपला आणि कॅरिबियन बेटांवर, अमेरिकेत, हाताला लागेल त्या भोपळ्यातून पुन्हा उभा केला. गोऱ्या वादकांनी तो रंगमंचावर नेला एकोणिसाव्या शतकात. पाचवी तार त्यांच्यातल्या जोएल स्वीनी यांनी बसवली असं बरेचदा लिहिलेलं असतं. पण १७८५ ते १७९० च्या सुमाराला दक्षिण कॅरोलायनात काढलेल्या एका जलरंगातल्या चित्रात गुलाम माणसाच्या हातात भोपळ्याचा बॅन्जो आहे आणि त्याला ती आखूड तार स्पष्ट दिसते. स्वीनी तेव्हा जन्मलेही नव्हते. ज्यांनी हे वाद्य आणलं त्यांचं श्रेय इतक्या सहज दुसऱ्याच्या नावावर जावं, याचा मला मनापासून राग येतो.

ही आखूड तार नीट समजली की बॅन्जो निम्मा समजला. ती दांडीच्या टोकापर्यंत जात नाही, पाचव्या पडद्याशी तिची वेगळी खुंटी असते. वादकाच्या अंगठ्याजवळ म्हणजे वरच्या बाजूला असूनही सूर तिचाच सगळ्यात उंच. सतारीची चिकारी जे काम करते तेच हिचं: गत चालू असताना मधूनमधून षड्ज टोचत राहायचा. सर्वांत रूढ मेळ, म्हणजे कुठली तार कुठल्या सुरात लावायची ते, आपल्या भाषेत सांगतो. हार्मोनियमवरच्या पांढरी पाचचा सा धरा. चौथी तार मंद्र पंचम, तिसरी सा, दुसरी शुद्ध गंधार, पहिली पंचम आणि पाचवी आखूड तार तार सप्तकातला सा. कुठेही बोट न ठेवता पाची तारा छेडल्या तरी सुरेल वाटतं ते यामुळेच. बेंजोतही चालीच्या तारांच्या शेजारी सा-पाच्या साथीच्या तारा असतात. दोघांत नावापलीकडचं खरं नातं शोधायचं तर मला ते इथे दिसतं.

आता भाच्याचा प्रश्न. एका मित्राचा बॅन्जो वर्षभर माझ्याकडे होता, तेव्हा हे हाताने केलेलं आहे. बॅन्जोत पहिलं काम कातड्याचं. पूर्वी ते खरोखरच वासराचं असायचं आणि दमट हवेत सैल पडायचं. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून प्लास्टिकची कातडी आली आणि ती कटकट बरीच संपली. कड्याभोवती साधारण चोवीस आकडे आणि नट असतात. नट-बोल्टची ढोलकी ज्याने चढवली आहे त्याला हे शिकवावं लागणार नाही. समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळत जायचं, एकाच बाजूने कधीच नाही. तारा दाबून धरून कातड्यावर टिचकी मारली की काळी चारच्या आसपास सूर यावा. कातडं सैल असेल तर घोडी खाली बसते, तारा पडद्यांवर घासतात आणि आवाज पोकळ येतो. फार आवळलं तर ते फाटतं.

दुसरं काम घोडीचं. ती चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावरच उभी असते. म्हणूनच सगळ्या तारा एकदम काढू नयेत. घोडी आडवी होते आणि तिची जागा हरवते. एक काढा, एक चढवा. जागा बघायची रीत अशी: बाराव्या पडद्यावर तारेला बोट नुसतं टेकवून छेडा, मग तिथेच तार दाबून छेडा. दोन्ही सूर एक यायला हवेत. दाबलेला सूर चढा येत असेल तर घोडी दांडीपासून लांब सरकवा, उतरता येत असेल तर जवळ आणा. केसभर सरकवली तरी कानाला कळतं.

बेंजोला कातडं आवळायचा प्रश्नच नाही, त्याची दुखणी वेगळी. पहिलं दुखणं चालीच्या जोडतारांचं. एकाच सुरात लावलेल्या दोन तारांत किंचित फरक असला की आवाजात लाट उठते, वाँव-वाँव असं ऐकू येतं. खुंटी हळूहळू फिरवत जा, लाट लांबत लांबत थांबते, तिथेच थांबा. एक तार तुटली तरी जोडीतल्या दोन्ही बदला. जुनी आणि नवी तार एका सुरात फार वेळ टिकत नाहीत. मग खालच्या आणि वरच्या सप्तकातला सा वाजवून बघा. वरचा बेसूर असेल आणि घोडी सुटी असेल, तर वर सांगितलेला नियम इथेही चालतो.

दुसरं दुखणं बटणांचं, आणि पार्टीत तेच जास्त सतावतं. पावसात स्प्रिंगा गंजतात, बटण दाबलं की अर्ध्यावरच अडकतं आणि वर येत नाही. भाच्याच्या बेंजोत पंचमाचं बटण असंच होतं. त्याला म्हटलं, झाकण काढ, मऊ ब्रशने धूळ झाड, गंज पुसून काढ, आणि बिजागरीला शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब लाव. तारेला तेल लागता कामा नये. लागलं तर धूळ चिकटते आणि आवाज मेल्यासारखा येतो. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसायच्या. मिरवणुकीत गुलाल उडतो, तो बटणांच्या फटीत जातो आणि ओल लागली की तिथेच घट्ट बसतो. त्यामुळे विसर्जनानंतर झाकण उघडून सफाई केलीच पाहिजे, ती पुढच्या वर्षावर टाकू नये.

वाजवण्यातही सवयी उलट्यापालट्या लागतात. बेंजोत आधी बटण पूर्ण खाली, मग पिक. बटण लवकर सोडलं की मोकळ्या तारेचा सा मध्येच डोकावतो आणि ओळ तुटते. लांब सूर धरायचा तर पिक भराभर मागे-पुढे चालवायचं. 'वादळवारं'सारखं कोळीगीत वाजवताना तोच थरार लोकांना नाचवतो. बॅन्जोचा सूर त्याहूनही लवकर विझतो, म्हणून तिथे अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांच्या चक्राने सुरांमधली जागा सतत भरत राहतात. या तीन बोटांच्या शैलीला १९४५ पासून अमेरिकन गायक-वादक बिल मन्रो यांच्या पार्टीत बॅन्जोवादक अर्ल स्क्रग्ज यांनी नाव मिळवून दिलं. दुसरी जुनी रीत नखाने खाली आघात करत अंगठ्याने आखूड तार उचलायची. आफ्रिकेतल्या अकोंटिंगचा हात तिच्यात अजून ओळखू येतो.

पंचमाचं बटण मोकळं झालं तसा भाच्याचा पुन्हा फोन. आता नव्या तारा हव्या होत्या आणि ऑनलाइन 'बँजो स्ट्रिंग्स'चा पाच तारांचा संच तो मागवणारच होता. त्या तारांच्या टोकाला फासा असतो, त्यांच्या जाड्याही बॅन्जोच्या मेळाप्रमाणे ठरवलेल्या असतात. बेंजोच्या जोडीला दोन तारा अगदी एका जाडीच्या लागतात. त्याला सांगितलं, काहीही मागवू नकोस. चालीच्या तारेचा एक तुकडा आणि साथीच्या तारेचा एक तुकडा कागदात गुंडाळून खिशात ठेव, वाद्यांच्या दुकानात जा, आणि "बुलबुल तरंगला ह्याच जाडीची तार द्या" एवढंच म्हण.