कार्बन डायऑक्साइड प्रशीतक (आर-७४४)

सुपरमार्केटमधील फ्रीझर, शीतगृहे अशा व्यापारी प्रशीतनात प्रशीतक म्हणून, म्हणजे यंत्रात फिरून उष्णता वाहून नेण्यासाठी, वापरला जाणारा, निसर्गात आढळणारा वायू. तो जळत नाही, ओझोन थराला इजा करत नाही. त्याची जागतिक तापमानवाढ क्षमता १ धरतात. आर-४०४ए या कृत्रिम प्रशीतकाची ३,९२२ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जहाजांवरील शीतकोठारांत तो वापरात होता. पुढे क्लोरोफ्लुओरोकार्बन या कृत्रिम प्रशीतकांमुळे मागे पडला. नॉर्वेचे प्रशीतनतज्ज्ञ गुस्ताव लोरेंट्झेन यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्याला पुन्हा पुढे आणले.

क्रांतिक तापमान (ज्याच्या वर वायू कितीही दाबला तरी द्रव होत नाही) अवघे ३१° से. (तेव्हाचा दाब ७३.८ बार) असल्याने उन्हाळ्यात हा वायू दाबला तरी द्रव होत नाही, नुसता थंड होतो. म्हणून त्या भागाला कंडेन्सर (वायूचा द्रव करणारा भाग) न म्हणता ‘गॅस कूलर’ म्हणतात. या अवस्थेत दाब तापमानाशी बांधलेला नसतो. तो नियंत्रकाला ठरवावा लागतो आणि यंत्रणेची सारी गुणवत्ता इथेच ठरते. कूलरमधून वायू ३५° ला बाहेर पडत असेल तर सुमारे ९० बार योग्य. ८० बारवर कॉम्प्रेसरची वीज थोडी वाचते, पण थंडावा त्याहून कितीतरी जास्त घटतो.

उच्चदाब व्हॉल्व्हनंतर मिश्रण ३५–४० बारच्या टाकीत येते. द्रव फ्रीझरच्या कपाटांकडे जातो. वर उरणारी वाफ कडक उन्हात निम्म्याच्या आसपास असते. ती थेट टाकीच्याच दाबावरून खेचणारा समांतर कॉम्प्रेसर उष्ण हवामानात बसवावाच.

वायू भरताना घाई नडते. ५.२ बारखाली द्रव टिकत नाही. निर्वात केलेल्या नळ्यांत थेट द्रव सोडला की कोरडा बर्फ (घन कार्बन डायऑक्साइड) होऊन वाट बुजते. आधी फक्त वाफ सोडून दाब १० बारच्या आसपास न्यावा, मग द्रव. याच कारणाने सुरक्षा व्हॉल्व्हच्या पुढे लांब नळी जोडत नाहीत. दोन बंद व्हॉल्व्हमध्ये द्रव अडकू देऊ नये. तो गरम होताच नळी फोडू शकेल इतका दाब चढतो.

वीज गेल्यावर टाकी तापते (३०° ला दाब ७२ बार) आणि सुरक्षा व्हॉल्व्ह उघडून वायू वाया जातो. त्यासाठी जनरेटरवरचे छोटे शीतयंत्र टाकीला जोडतात.

गळती वासाने कळत नाही. वायू हवेपेक्षा जड असल्याने संवेदक जमिनीलगत लावतात. आठ तासांच्या कामासाठी हवेतील सर्वसाधारण मर्यादा ०.५ टक्के मानतात.