बॉयलर एक, कामं दोन

घरच्या छोट्या एस्प्रेसो मशीनवर आधी दूध फेसाळून लगेच कॉफी काढली, तर ती हमखास जळकी लागते. पावडरीत खोट नसते, पाणी जास्त तापलेलं असतं. कॉफीला ९२ ते ९४ अंशांचं पाणी लागतं, दुधाला १२० अंशांच्या वरची वाफ. बॉयलर मात्र एकच. ही अडचण या यंत्राच्या जन्मापासूनची आहे.

तूरिनच्या अँजेलो मोरिओन्दोने १८८४ मध्ये वाफेवरच्या कॉफीयंत्राचं पेटंट घेतलं, पण ते एका वेळी बरीच कॉफी काढायचं. दांड्याच्या गाळणीत एका कपापुरती पावडर भरून ती यंत्राला अडकवायची, ही पद्धत १९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेझेराने आणली. हक्क विकत घेऊन देसिदेरिओ पावोनीने यंत्रं बाजारात उतरवली. मात्र पाणी ढकलायचं काम वाफेचंच, दाब जेमतेम दीड-दोन बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका). त्यासाठी पाणी उकळीच्या पुढे न्यावं लागे आणि कॉफी कडवट होई. वर फेसही नाही.

खरी सुटका आकिले गाज्जाने केली. त्याचं पहिलं पेटंट १९३८ चं; युद्धानंतर दांडा आणि स्प्रिंगचं यंत्र आलं. आता पाणी दट्ट्या ढकलू लागला, दाब ८-९ बारपर्यंत गेला आणि कपावर तांबूस-सोनेरी फेसाचा थर, म्हणजे क्रेमा, आला. फाएमा कंपनीच्या १९६१ च्या ई६१ या यंत्रामध्ये दांड्याची जागा मोटरच्या पंपाने घेतली. त्यात कॉफीचं ताजं पाणी वाफेच्या बॉयलरमधून जाणाऱ्या वेगळ्या नळीत तापतं, म्हणून दोन्ही कामं एकदम होतात. त्या वर्षी इटलीत खग्रास सूर्यग्रहण झालं होतं. नावातला 'ई' त्याचा, म्हणजे 'एक्लिप्स'चा.

घरगुती यंत्रात जागा आणि किंमत वाचवायची, म्हणून बॉयलर पुन्हा एकच राहिला. तेव्हा क्रम पाळायचा: आधी कॉफी, मग दूध. १८ ग्रॅम पावडर, २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅम कॉफी. धार दहा सेकंदांत संपली तर दळण जाडं आहे. थेंबथेंब पडली तर फार बारीक. खोक्यावरचे '१५ बार' ही पंपाची कमाल ताकद. कॉफीला ९ पुरतात.

मग वाफेचं बटण दाबून तापू द्या आणि नळीतलं साचलेलं पाणी आधी बाहेर सोडा, नाहीतर ते दुधात उतरतं. दूध फ्रिजमधलं गार, १५० मिली. तापवलेलं असेल तर साय गाळून घ्या, ती फेस मोडते. नळीचं टोक पृष्ठभागाच्या जरासं खाली धरलं की कागद फाटल्यासारखा आवाज येतो. चार-पाच सेकंदांनी टोक खोल, एका कडेला न्या. दूध भोवऱ्यासारखं फिरलं की मोठे बुडबुडे विरतात. भांडं हाताला धरवेना झालं की थांबा, तेच ६०-६५ अंश. सत्तरीपुढे दुधाचा गोडवा जातो.

आपल्याकडे लग्नाच्या हॉलमध्ये जिला 'एस्प्रेसो' म्हणतात, ती या यंत्राच्या फक्त वाफेच्या अंगावर उभी आहे: इन्स्टंट पावडर, साखर, दूध, त्यात फुसफुसणारी वाफ आणि वर चॉकलेट पावडर. चव छानच, पण तिथे कॉफीतून दाबाचं पाणी कधी जातच नाही.

दुसरा कप काढायचा असेल तर वाफ बंद करून पंप चालवा आणि गाळणीच्या जागेतून पाणी सोडत राहा. आधी ते फुसफुसत, थुंकत येतं. धार शांत, सलग झाली की मगच गाळणी लावा.