खोटं कुणापुढे बोललं, त्यावर शिक्षा

उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात एखादा नामवंत खेळाडू खोटं बोलताना पकडला गेला की वाद रंगतो : शिक्षा फार झाली की फार कमी? या वादाचा निकाल सहसा लागत नाही, कारण शिक्षा करणाऱ्या यंत्रणा तीन आहेत आणि तिघींच्या लेखी गुन्हा निराळा आहे. क्रीडा संघटना बंदी घालते ती मुख्यतः द्रव्य घेतल्याबद्दल. अमेरिकेत फौजदारी न्यायालय तुरुंगात पाठवतं ते तपास अधिकारी, ग्रँड ज्युरी (खटला भरायचा का हे ठरवणारं नागरिकांचं मंडळ) किंवा संसदेच्या समितीपुढे खोटं बोलल्याबद्दल. विमा कंपन्या आणि प्रायोजक दिवाणी मार्गाने पैसे परत मागतात. पत्रकारांसमोर छातीठोकपणे ‘मी कधीच काही घेतलं नाही’ असं पन्नासदा सांगितलं, तर त्याला यांपैकी कुठेच शिक्षा नाही.

खरं बोलणं महागात पडू शकतं, हा धडा खेळाडूंना कॅनडाचा धावपटू बेन जॉन्सन याच्या प्रकरणाने दिला. 24 सप्टेंबर 1988 रोजी सोल ऑलिंपिकमध्ये तो 100 मीटर 9.79 सेकंदांत धावला. नमुन्यात स्टॅनोझोलोल हे स्टेरॉइड सापडलं आणि तीन दिवसांनी पदक गेलं. त्याने इन्कार केला. कॅनडा सरकारने न्यायमूर्ती चार्ल्स डुबिन यांचा चौकशी आयोग नेमला. तिथे 1989 मध्ये प्रशिक्षक चार्ली फ्रान्सिसने शपथेवर सांगितलं की जॉन्सन 1981 पासून स्टेरॉइड घेत होता. मग जॉन्सननेही कबुली दिली. आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाने लगेच नियम बदलला आणि 1987 च्या रोममधल्या जागतिक स्पर्धेतला त्याचा 9.83 सेकंदांचा विक्रमही रद्द केला. रोममध्ये तो चाचणीत सापडलेला नव्हता. म्हणजे तो विक्रम प्रयोगशाळेने नव्हे, कबुलीने घालवला. विक्रम रद्द होणं योग्यच होतं. पण पुढच्या पिढीच्या वकिलांनी यातून काय सल्ला दिला असेल, हे वेगळं सांगायला नको.

दुसरं वळण कॅलिफोर्नियातल्या बाल्को प्रयोगशाळेचं. 2003 मध्ये प्रशिक्षक ट्रेव्हर ग्रॅहमने निनावीपणे एक वापरलेली सिरिंज अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेकडे, म्हणजे यूसाडाकडे पोहोचवली. लॉस एंजेलिसमधल्या डॉन कॅटलिन यांच्या प्रयोगशाळेने त्यातलं टीएचजी हे तोवर चाचणीत न सापडणारं स्टेरॉइड ओळखलं. 3 सप्टेंबरला बाल्कोवर छापा पडला. सरकारचा रोख विक्रेत्यांवर होता, खेळाडू साक्षीदार होते. त्यांना सौदा असा होता : खरं सांगा, सेवनाबद्दल खटला भरणार नाही, खोटं बोलाल तर संरक्षण संपलं. बाल्कोतल्या ‘खोटेपणाच्या’ शिक्षा या सौद्याच्या चौकटीत पाहाव्या लागतात. खेळाडूंकडून हवी होती ती फक्त साक्ष, आणि गुन्हा तिथेच घडला.

धावपटू मॅरियन जोन्सने सिडनी 2000 ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्ण आणि दोन कांस्य अशी पाच पदकं मिळवली होती. तपास अधिकाऱ्यांशी खोटं बोलणं अमेरिकेच्या संघीय कायद्यात गुन्हा आहे. त्याला शपथ लागत नाही आणि कमाल शिक्षा पाच वर्षांची आहे. 5 ऑक्टोबर 2007 रोजी जोन्सने दोन आरोप कबूल केले : एक स्टेरॉइडबद्दल खोटं बोलल्याचा, दुसरा धनादेशांच्या घोटाळ्याच्या तपासात खोटं बोलल्याचा. दुसरा आरोप लोक सहसा विसरतात. जानेवारी 2008 मध्ये तिला सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला. बाल्कोचा मालक व्हिक्टर काँटे, ज्याने द्रव्यं पुरवली, त्याला चार महिने तुरुंग आणि चार महिने घरात स्थानबद्धता. ग्रॅहमला खोट्या निवेदनाबद्दल वर्षभराची स्थानबद्धता. सायकलपटू टॅमी थॉमसवर तर खटला चालून ग्रँड ज्युरीपुढच्या खोट्या साक्षीचा दोष सिद्ध झाला, तरी सहा महिने स्थानबद्धतेवर भागलं. विक्रेत्यापेक्षा ग्राहकाला जास्त तुरुंग, हे कोणत्याही हिशेबात बसवणं अवघड आहे. न्यायाधीशांना इतरांना जरब बसेल असा संदेश द्यायचा होता. नाव मोठं म्हणून संदेश मोठा.

पण मोठं नाव उलट दिशेनेही काम करतं. खोट्या साक्षीचा खटला उभा करायला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : विधान खोटं होतं, बोलणाऱ्याला ते माहीत होतं आणि तपासाच्या दृष्टीने ते महत्त्वाचं होतं. शिवाय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्ये ब्रॉन्स्टन खटल्यात ठरवलं की शब्दशः खरं असलेलं उत्तर दिशाभूल करणारं असलं तरी ती खोटी साक्ष नव्हे. प्रश्न विचारणाऱ्यानेच नेमकं विचारायला हवं. बेसबॉलपटू बॅरी बाँड्सला ग्रँड ज्युरीपुढे विचारलं होतं की प्रशिक्षकाने टोचून घेण्याजोगं काही दिलं का. तो आपण प्रसिद्ध बापाच्या पोटी कसे वाढलो यावर बोलत राहिला. प्रशिक्षक ग्रेग अँडरसनने तुरुंगात जाणं पत्करलं, पण साक्ष दिली नाही. 2011 मध्ये ज्युरीचं खोट्या साक्षीच्या तिन्ही आरोपांवर एकमत झालं नाही. न्यायात अडथळा आणल्याचा एकच दोष टिकला आणि 30 दिवसांची स्थानबद्धता झाली. 2015 मध्ये अपील न्यायालयाने तोही रद्द केला, कारण ते भरकटलेलं उत्तर तपासावर परिणाम करण्याजोगं नव्हतं. बेसबॉलपटू रॉजर क्लेमेन्सने 2008 मध्ये संसदेच्या समितीपुढे सेवनाचा इन्कार केला होता. त्याचा पहिला खटला सरकारी वकिलांच्या चुकीमुळे बाद झाला आणि 2012 मध्ये तो सर्व आरोपांतून सुटला. जिने गुन्हा कबूल केला ती आत गेली. ज्यांना वर्षानुवर्षं लढणं परवडलं ते बाहेर राहिले.

सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगचं खोटं या सर्वांहून मोठं आणि लांबलेलं, पण त्यावर फौजदारी खटला झालाच नाही. 2005 मध्ये टेक्ससमधल्या एससीए प्रमोशन्स या, त्याच्या बोनसचा विमा उतरवणाऱ्या कंपनीविरुद्धच्या लवादात त्याने शपथेवर इन्कार केला आणि 2006 मध्ये तडजोडीत 75 लाख डॉलर मिळवले. यूसाडाचा अहवाल ऑक्टोबर 2012 मध्ये आला, तोवर खोट्या साक्षीवर खटला भरण्याची मुदत सरली होती. तरी ती शपथ त्याला भोवली, निराळ्या वाटेने. तेव्हाच्या जागतिक उत्तेजकविरोधी संहितेत आठ वर्षांपूर्वीच्या गुन्ह्यावर कारवाई करता येत नव्हती. यूसाडाने मॅरेथॉनपटू एडी हेलेबाइकच्या प्रकरणाचा दाखला दिला : ज्याने शपथेवर खोटं बोलून गुन्हा दडवला त्याला मुदतीचा आडोसा घेता येत नाही. म्हणून 1 ऑगस्ट 1998 पासूनचे सगळे निकाल आणि टूर द फ्रान्सची सात विजेतेपदं गेली. साक्ष देणाऱ्या सहकाऱ्यांना सहा महिन्यांची बंदी मिळाली, तीही बरीचशी हंगाम नसताना. 2015 मध्ये लवादाने आर्मस्ट्राँगला एससीएला 1 कोटी डॉलर द्यायला सांगितलं. 2018 मध्ये सरकारशी (सरकारी टपाल सेवा त्याच्या संघाची प्रायोजक होती) 50 लाख डॉलरवर मिटलं, जिथे मागणी 10 कोटींपर्यंत जाऊ शकत होती. खरं बोलणाऱ्यांना त्याने कोर्टात खेचलं, बदनाम केलं, त्याबद्दल मात्र क्रीडा नियमांत स्वतंत्र कलमच नव्हतं. तक्रारदाराला धमकावणं हा वेगळा गुन्हा 2021 च्या संहितेत प्रथम आला.

जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची, म्हणजे वाडाची, ही संहिता 2004 पासून लागू आहे. तिने कबुलीची किंमत हळूहळू ठरवली. हेतुपुरस्सर सेवनाला 2015 पासून चार वर्षं. 2021 पासून, आरोपाची नोटीस मिळाल्यावर 20 दिवसांत गुन्हा आणि बंदी दोन्ही मान्य केल्यास एक वर्ष कमी. इतरांविरुद्ध उपयोगी माहिती दिल्यास बंदीचा तीन चतुर्थांशपर्यंत भाग स्थगित. दुसऱ्या बाजूला, चौकशीत बनावट कागद किंवा पढवलेले साक्षीदार आणले तर तो हस्तक्षेपाचा स्वतंत्र गुन्हा, आणि त्याची बंदी आधीच्या बंदीला जोडून भोगायची. केनियाच्या लॉरेन्स चेरोनोची सात वर्षं अशीच झाली : चार ट्रायमेटाझिडिन या प्रतिबंधित हृदयविकाराच्या औषधाबद्दल, तीन हस्तक्षेपाबद्दल.

या नियमाची धार चुकीच्या जागीही लागते. 2016 ची ऑलिंपिक अडथळा शर्यत विजेती ब्रियाना मॅकनील जानेवारी 2020 मध्ये एका चाचणीला हजर नव्हती. कारण वैद्यकीय होतं आणि खरं होतं. पण कागदावरची तारीख तिने बदलली. या वेळी तिच्यावर उत्तेजक घेतल्याचा आरोप नव्हता. ठावठिकाणा न कळवल्याबद्दल आधी एकदा बंदी झालेली असल्याने हा दुसरा गुन्हा धरला गेला आणि पाच वर्षांची बंदी क्रीडा लवादाने 2021 मध्ये कायम ठेवली. जाणूनबुजून स्टेरॉइड घेऊन 20 दिवसांत कबूल करणाऱ्याला, पहिला गुन्हा असेल तर, तीन वर्षं होतात. संहितेतली टीप कायदेशीर बचावाला हस्तक्षेप मानत नाही, त्यामुळे नुसता इन्कार आजही चालतो. त्याच्या पुष्ट्यर्थ दिलेलं प्रमाणपत्र फेरफार केलेलं निघालं, की दुसरी बंदी सुरू होते.