उधारीच्या वहीतलं सोलापूर

आत्याचं घर आवरताना आजोबांच्या खाणावळीची उधारीची वही माझ्या हाती आली. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, सुतळीने बांधलेली. प्रत्येक ओळीत आधी नाव, मग गिरणीतलं खातं, मग रुपये-आणे-पैंचा आकडा: 14-8-0, 12-0-0. पैसे फिटले की आजोबा त्या ओळीवर तिरकी रेघ ओढत. 1949 च्या श्रावणापर्यंत पानंच्या पानं अशा रेघांनी भरलेली आहेत. भाद्रपदात नावं तीच आहेत, आकडे वाढत गेलेत, रेघ मात्र तेव्हा एकाही ओळीवर ओढलेली नाही.

घरात या काळाला 'बंदीचं साल' म्हणत. धाकटे काका बंदीच्या सालातले, विहिरीवरचा रहाट बंदीच्या सालानंतरचा, अशी बोलायची पद्धत होती. लहानपणी मला तो एखादा दुष्काळ वाटायचा. यंदा जानेवारीत चार दिवस सोलापूरला राहिले, लहानपणच्या पेठा पायी फिरले आणि त्या सालाचा माग काढला.

आमची खाणावळ मुरारजी पेठेत होती, जुन्या मिलच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर. कागदोपत्री ही मिल म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, पण गावात तिला त्या नावाने कोणी ओळखत नसे. 1877 मध्ये ती सुरू झाली. पुढे लक्ष्मी, नरसिंगगिरजी आणि विष्णू या मिल आल्या, तेव्हा ही आपोआप 'जुनी' झाली. पेठेच्या नावातले मुरारजी म्हणजे ही गिरणी काढणारे मुरारजी गोकुळदास, असं आजोबा अभिमानाने सांगायचे.

गिरणी इथेच का निघाली, याचं उत्तर बरंचसं रेल्वेत आहे. 1860 मध्ये रेल्वे सोलापूरला पोचली, आसपास कापूस पिकत होता आणि हातमागाची जुनी परंपरा गावात होतीच. पण माणसं कुठून आली, हे सांगताना 1876 ते 78 चा दुष्काळ बाजूला ठेवता येत नाही. त्या दुष्काळात दख्खनची खेडी ओस पडली आणि गिरणीचा भोंगा वाजू लागला तोही त्याच काळात. माझे पणजोबा त्यानंतरच्या, 1896-97 च्या दुष्काळात मंगळवेढ्याकडून चालत आले. सोबत एक तांब्या आणि घोंगडी एवढंच होतं, ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक लग्नात सांगितली जाते. पद्मशाली विणकर तेलंगणातून आले आणि शहराच्या पूर्व भागात वसले. दक्षिणेकडून कन्नड बोलणारी माणसं आली. म्हणून आमच्या पंगतीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी अशा चार भाषा एकाच वेळी ऐकू येत. आजी शाळेत एक दिवस गेली नव्हती, पण 'आणखी वाढू का?' हे चारही भाषांत विचारायची.

घरच्या वेळा गिरणीच्या वेळा होत्या. पहाटेच्या भोंग्याआधी चुली पेटत. ज्वारीच्या भाकरी, पातळ आमटी, शेंगाची चटणी. रविवारी गावी जाणाऱ्यांसाठी कडक भाकऱ्यांची चवड फडक्यात बांधून ठेवलेली असे. रात्रपाळीची माणसं दुपारी माडीवर झोपत, म्हणून आम्हा पोरांना त्या वेळी अंगणात मोठ्याने बोलायला बंदी होती. गिरणीचा पसारा आटल्यावरही आमच्या घरात दुपारी सगळे हळू बोलत. ही सवय कुठून आली, हे मला फार उशिरा कळलं.

तिथून मी सेटलमेंटकडे गेले. हा भाग मी लहानपणापासून ओळखते आणि त्याचं नावही सहज घेते. इंग्रज सरकारने 'गुन्हेगार जमाती' असा शिक्का मारलेल्या लोकांना इथे तारेच्या कुंपणाआड ठेवलं होतं. गिरण्यांना मजूर हवे होते, त्यामुळे इथली माणसं कामाला बाहेर जात आणि हजेरीला परत येत. जन्माने माणसाला गुन्हेगार ठरवणारा तो कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला. स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं होऊन गेली होती. वहीतल्या काही नावांपुढे आजोबांनी 'से.' एवढंच लिहिलंय. ही माणसं पंगतीत कधी शेवटपर्यंत बसत नसत, हजेरी चुकेल म्हणून अर्धी भाकरी हातात घेऊन निघत, असं आत्या सांगते. हे ऐकल्यापासून ते नाव मला पूर्वीसारखं सहज घेता येत नाही.

चार पुतळ्यांपाशी मी बराच वेळ बसले. मे 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, गोळीबार झाला आणि शहरावर मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिलं. चारही नावं एका दमात म्हणून पाहा, सोलापूर कसं होतं ते कळेल. संक्रांत दोन दिवसांवर होती, म्हणजे गड्ड्याची यात्रा तोंडावर आलेली. ग्रामदैवत सिद्धेश्वरांचे नंदीध्वज निघायचे, संमती कट्ट्यावर अक्षता पडायच्या, ते हे दिवस. आजी त्या वेळी नवी नवरी होती. त्या वर्षी होम मैदानावर कोणी पाळण्यात बसल्याचं तिला आठवत नव्हतं. दरवर्षी गड्ड्याला जाताना ती आधी या चौकात थांबायची, हात जोडायची आणि मगच आमच्या हातावर पैसे ठेवायची.

आता वहीकडे. जुनी मिल 27 ऑगस्ट 1949 रोजी बंद झाली. महिनाभर आधी कामगारांना नोटीस मिळाली होती. दिवस ऐन गणपतीचे. आमच्याकडचे लोक भाड्याच्या खोल्यांत राहणारे, कित्येकांनी त्या वर्षी गणपती आणला तो दीड दिवसाचा. त्या दिवसांत भोंगा वाजला नाही, पण पंगत बसतच राहिली. आजोबा जेवायला वाढत राहिले आणि वहीत आकडे लिहीत राहिले. गल्लीतल्या बायकांनी सूप मांडीवर घेतलं आणि विड्या वळायला सुरुवात केली. हजार विड्यांवर मजुरी, त्यातून छाट, म्हणजे नापास ठरलेल्या विड्या, निघेल ती वजा. पुढे हेच काम त्यांच्या लेकीसुनांच्या हाती राहिलं. आज सोलापूरजवळच्या कुंभारीला विडी कामगारांची, कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी आहे. आमच्या गल्लीतल्या तीन घरांतल्या नाती तिथे राहतात.

दिल्लीतही या बंदीची दखल घेतली गेली. 9 जानेवारी 1950 रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढून गिरणीचा कारभार हाती घेतला आणि नंतर त्याचा कायदा झाला. चिरंजीतलाल चौधरी या भागधारकाने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. एकाच कंपनीसाठी कायदा करणं समानतेच्या हक्कात बसतं का, हा प्रश्न होता. राज्यघटना लागू होऊन वर्षही झालं नव्हतं. 4 डिसेंबर 1950 रोजी तीन विरुद्ध दोन अशा मताने अर्ज फेटाळला गेला. पुढे द्वारकादास श्रीनिवास यांच्या दाव्यात मात्र न्यायालयाने तोच कायदा मालमत्तेच्या हक्काच्या मुद्द्यावर घटनाबाह्य ठरवला. 1955 ची चौथी घटनादुरुस्ती झाली, तिच्या कारणांत हा निकालही होता.

माझा भाचा कायदा शिकतो. परीक्षेसाठी त्याने हे दोन्ही निकाल पाठ केले होते, पण ते आपल्या पणजोबांच्या खाणावळीजवळच्या गिरणीचे आहेत, हे त्याला माहीत नव्हतं. त्याने मला कायद्याची प्रस्तावना वाचून दाखवली. गैरव्यवस्थापन आणि हेळसांड यांमुळे गरजेच्या मालाचं उत्पादन बाधित झालं आणि 'समाजातल्या एका विशिष्ट घटकात' गंभीर बेकारी निर्माण झाली, असा तिचा आशय आहे. मी वही उघडून त्याच्यापुढे ठेवली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी वही आत्याला दिली. बंदीच्या सालात ती अकरा वर्षांची होती आणि पंगतीला पाणी वाढायची. रेघ नसलेल्या ओळी मोजल्या तर बेचाळीस भरल्या. काही रेघा 1950 च्या फाल्गुनानंतर वेगळ्या शाईत ओढलेल्या दिसतात, त्या या बेचाळीसांत धरल्या नाहीत. आत्याने चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक नाव वाचायला सुरुवात केली. हा विणाई खात्यातला, तेलुगूत भजनं म्हणायचा. हा जेवण झाल्यावर स्वतःची थाळी स्वतः घासायचा, आई नको म्हणाली तरी. याची बायको बाळंतपणात गेली, तेव्हा बाबा त्याला घरी आणायला गेले होते. हा 'से.' वाला, मला लाकडाची भिंगरी करून दिली होती त्यानं.

एकोणिसाव्या नावाशी ती थांबली, मला म्हणाली, "हे लिहून घे गं, मी उद्या पुढचं सांगते."