समविचारी वस्ती : कोल्हापूर

समविचारी वस्ती : आपल्याच राजकीय मताच्या, पक्षाच्या किंवा गटाच्या माणसांशेजारी राहायचे की नाही, ही निवड आणि तिच्यातून आकाराला येणारी वस्ती. समाजशास्त्रात ही संकल्पना मुख्यतः शहरी घरबदलाच्या संदर्भात येते. कोल्हापूर शहर व जिल्ह्यापुरता तिचा अर्थ थोडा वेगळा घ्यावा लागतो. येथे राजकारण पाहून घर घेणारा क्वचितच भेटतो. घर वडिलार्जित असते आणि शेजारी बहुधा भावकीतलाच असतो. बाजू निवडायची ती घर न हलवता, संस्थेच्या सभासदत्वातून निवडली जाते. प्रस्तुत नोंदीत भर या दुसऱ्या प्रकारावर आहे.

संकल्पना : चार्ल्स टीबू या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये असे मांडले, की नागरिक आपल्याला पटतील असे कर आणि सोयी असलेल्या गावी राहायला जातात. हे एका अर्थी पायांनी केलेले मतदानच. टॉमस शेलिंग यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले, की ‘शेजाऱ्यांपैकी थोडे तरी आपल्यासारखे असावेत’ एवढ्या सौम्य इच्छेतूनही काही घरबदलांनंतर वस्त्या जवळजवळ पूर्ण वेगळ्या पडतात, मग तसे कोणाच्या मनात असो वा नसो. राजकीय मतांना हा विचार लावून तो लोकांपर्यंत नेला बिल बिशप या पत्रकाराने, २००८ मध्ये. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत एकतर्फी कौल देणाऱ्या कौंटींत (आपल्याकडील जिल्ह्यासारख्या विभागांत) राहणाऱ्यांचे प्रमाण १९७६ मध्ये सुमारे एक चतुर्थांश होते, ते २००४ मध्ये जवळपास निम्म्यावर गेले, असा त्याचा दाखला होता. मॉरिस फिओरिना व सॅम्युएल एब्रम्स यांनी २०१२ मध्ये त्यावर आक्षेप घेतला. उमेदवार बदलला की हे आकडे हलतात आणि मतदारांच्या पक्षनोंदणीत तेवढी फारकत आढळत नाही, असे त्यांचे म्हणणे. आक्षेप वजनदार आहे. घर घेताना किंमत, शाळा आणि कामाची जागा यांचा विचार आधी होतो, राजकीय सारखेपणा आला तर त्यांच्यामागून येतो, हे मत अधिक ग्राह्य वाटते. कोल्हापूरचा अनुभवही याच बाजूने झुकतो, मात्र त्याची कारणे निराळी आहेत.

गट : बोलीत यासाठी ‘गट’ हा शब्द रूढ आहे. जुनी माणसे ‘पार्टी’ म्हणतात, निवडणुकीच्या दिवसांत ‘आघाडी’ किंवा ‘पॅनेल’ ऐकू येते. पक्ष आणि गट एक नव्हेत. राजकारणाचे विद्यापीठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कागल तालुक्यात गटांना नेत्यांच्या आडनावांची नावे आहेत : मंडलिक गट, घाटगे गट, मुश्रीफ गट. सदाशिवराव मंडलिक कोल्हापुरातून १९९८ मध्ये काँग्रेसकडून, १९९९ व २००४ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसकडून आणि २००९ मध्ये अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. चिन्हे बदलली, गट मंडलिकांचाच राहिला. म्हणून ‘समविचारी’ हा शब्द येथे काहीसा सैल अर्थानेच घ्यावा लागतो. विचारापेक्षा निष्ठा आणि देवघेव यांचा वाटा त्यात मोठा आहे.

गटाचा उगम कशात, याविषयी दोन मते आहेत. पहिले मत त्याची मुळे संस्थानकाळात शोधते. वेदोक्त प्रकरणापासून (राजघराण्याचे विधी वेदमंत्रांनी करण्यास पुरोहितांनी दिलेल्या नकारापासून) कोल्हापुरात ब्राह्मण-ब्राह्मणेतर वाद पेटला. १९११ मध्ये येथे सत्यशोधक समाजाला पुन्हा बळ मिळाले. १९३९ मध्ये माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार आदींच्या पुढाकाराने प्रजापरिषद ही संस्थानी प्रजेच्या हक्कांसाठी लढणारी संघटना उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर शेतकरी कामगार पक्षाने (शेकाप) शहरात आणि खेड्यांत घट्ट पाय रोवले. या प्रत्येक टप्प्यावर गावे दुभंगली आणि त्या भेगा पुढे गट म्हणून उरल्या, असे हे मत सांगते. त्यात तथ्य नाही असे नाही. काही गावांत ‘शेकापची गल्ली’ आणि ‘काँग्रेसची गल्ली’ ही ओळख वयस्करांच्या तोंडी अजून टिकून आहे.

दुसऱ्या मतानुसार आजचा गट हे सहकाराचे अपत्य आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा, जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या १९६२ मध्ये. कर्ज, पाणी, ऊस आणि दूध या चारही गोष्टी निवडून आलेल्या संचालकांच्या हाती गेल्या तेव्हा गावातल्या प्रत्येक घराला कोणाच्या तरी बाजूला उभे राहणे भाग पडले. डोनाल्ड रोझेन्थाल या अमेरिकी अभ्यासकाने १९७० च्या दशकात पुणे व कोल्हापूर जिल्ह्यांच्या राजकारणाचा तौलनिक अभ्यास केला. त्याचेही लक्ष मुख्यतः जिल्हा पातळीवरची सत्ता आणि ती हाताळणारा वर्ग यांवर होते. दोहोंपैकी दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे, कारण पहिल्या मताला एका साध्या गोष्टीचा उलगडा करता येत नाही : गावातले दोन्ही गट बहुधा एकाच जातीचे असतात आणि पुष्कळदा त्यांचे आडनावही एकच असते. ब्राह्मणेतर चळवळीने या माणसांना एकत्र आणले होते. त्यांना पुढे वेगळे केले ते दुसऱ्याच कशाने तरी.

दूध संस्था : एकाच जातीच्या माणसांना वेगळे केले ते कशाने, हे गावच्या दूध संस्थेत स्पष्ट दिसते. ‘गोकुळ’ या नावाने ओळखला जाणारा कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ १९६३ मध्ये स्थापन झाला. दूध घालणारा शेतकरी संघाचा थेट मतदार नसतो. तो गावातील प्राथमिक संस्थेचा सभासद असतो. ही संस्था ठराव करून एका सभासदाला मतदानाचा अधिकार देते. त्याला ‘ठरावधारक’ म्हणतात. संघाच्या २०२१ च्या निवडणुकीत साडेतीन हजारांहून अधिक ठरावधारकांनी २१ संचालक निवडले. संस्था रोज पन्नास लिटर दूध गोळा करो वा हजार लिटर, ठराव एकच. साहजिकच एका गावात दोन संस्था झाल्या तर मते दोन होतात, तीन झाल्या तर तीन. एकाच गल्लीत समोरासमोर दोन दूध संस्था का दिसतात, याचे उत्तर दुधाच्या प्रमाणात सापडत नाही, ठरावाच्या या हिशेबात सापडते. विकास सेवा सोसायट्या (गावपातळीवरच्या पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्था) आणि जिल्हा मध्यवर्ती बँक यांच्यातही हाच हिशेब चालतो.

सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन घरातले माणूस कोणत्या दारात जाते, यावरून त्या घराचा गट गावाला कळतो. ‘कुणाच्या डेअरीला दूध घालतोस?’ या प्रश्नात राजकारणाचा उल्लेख नसतो, तरी तो राजकीयच प्रश्न असतो. संस्था बदलणे म्हणजे गट बदलल्याचे जाहीर करणे. ‘त्यानं दूध बंद केलं’ एवढे म्हटले की पुरते. निवडीला आर्थिक बाजूही आहे. दर दहा दिवसांचे बिल, दिवाळीला मिळणारा दरफरक, गाभण म्हशीसाठी उचल आणि पशुखाद्याची उधारी हे सारे त्या दारातून येते. विरोधी संस्थेत आपल्या दुधाला फॅट (दर ठरवणारे स्निग्धांशाचे प्रमाण) मुद्दाम कमी लावली जाते, अशी शंका दोन्ही बाजूंना असते. भाऊ वेगळे निघाले की एक या संस्थेत जातो, दुसरा त्या. मधली भिंत आणि परसातला गोठा मात्र सामाईक राहतो. काही घरे म्हशीचे दूध एकीकडे आणि गाईचे दुसरीकडे घालून दोन्ही बाजूंशी संबंध राखतात. एकटी बाई आणि अल्पभूधारक यांना हा मार्ग विशेष सोयीचा पडतो, कारण गटाचा राग झेलण्याइतके पाठबळ त्यांच्यामागे नसते.

टीबूचा नागरिक गाव सोडून जातो. कोल्हापूरचा शेतकरी गावात राहून संस्था सोडतो. या फरकाचे मोल मोठे आहे. गट सोडलेल्याचा शेजार तुटत नाही, बांध तोच राहतो, आणि उद्या परत फिरायचे झाले तर घर विकावे लागत नाही. त्याची किंमतही आहे, आणि ती सांगितल्याशिवाय नोंद पुरी होत नाही. गटापायी फुटलेल्या लहान संस्थेला सचिवाचा पगार आणि तपासणीचे यंत्र पेलवत नाही, आणि तो भार शेवटी सभासदाच्याच दरातून निघतो.

वसतिगृहे : आपल्यांतच राहण्याची उघड, विचारपूर्वक केलेली निवड कोल्हापुरात एकदाच मोठ्या प्रमाणावर झाली, ती छत्रपती शाहू महाराजांच्या (कार. १८९४–१९२२) वसतिगृहांत. ती जातीनुसार होती. मात्र त्या काळच्या कोल्हापुरात जात आणि राजकीय बाजू यांत फारसे अंतर नव्हते, म्हणून तिचा उल्लेख येथे आवश्यक ठरतो. १८९६ मध्ये सर्वांसाठी काढलेल्या वसतिगृहात प्रत्यक्षात ब्राह्मणेतर मुले फारशी टिकली नाहीत, असे सांगितले जाते. त्यानंतर १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व जैन बोर्डिंग, १९०६ च्या सुमारास मुस्लिम बोर्डिंग आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह अशी मालिका सुरू झाली. कोल्हापूरला ‘वसतिगृहांची जननी’ म्हणतात ते यामुळे. या रचनेने जातीच्या भिंती पक्क्या केल्या, असे काही अभ्यासक मानतात. ज्यांना मिश्र वसतिगृहात जागाच मिळत नव्हती, त्यांच्यासाठी ती शिडी होती, असे इतर म्हणतात. महाराजांच्या १९०२ च्या आरक्षण हुकुमासोबत वाचले तर दुसरे मत अधिक सयुक्तिक ठरते.

याच वसतिगृहांतून वेगळा विचारही निघाला. कर्मवीर भाऊराव पाटील विद्यार्थिदशेत जैन बोर्डिंगमध्ये राहत. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर आंघोळ करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यापायी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे चरित्रकार सांगतात. त्यांनीच १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह काढले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे नामकरण झाले, आणि नाव दिले गेले ते शाहू महाराजांचेच.

शहरातील पेठा : जुन्या शहरात वस्तीचा आधार पेठ आणि तालीम हा आहे. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ, रविवार पेठ यांतील तालमींचे कुस्तीशी असलेले नाते पुढे फुटबॉलकडे वळले. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही संघांची नावे मुळात तालमींची आहेत. तालमीत निरनिराळ्या पक्षांचे कार्यकर्ते एकाच कट्ट्यावर बसतात. महापालिका निवडणुकीत उमेदवार ‘आपल्या तालमीचा’ आहे का, हा प्रश्न त्याच्या पक्षाआधी विचारला जातो. आषाढातील त्र्यंबोली यात्रेची वर्गणी गल्लीवार निघते. पंचगंगेचे नवे पाणी ‘पी ढबाक’च्या वाद्यासह टेकडीवर जाते, त्या मिरवणुकीत आणि नंतरच्या मटणाच्या वाट्यांत गल्लीतले प्रत्येक घर धरलेले असते, मत कोणालाही दिलेले असो. शहराच्या आंदोलनांतही हीच सवय दिसते. ‘सर्वपक्षीय कृती समिती’ हा कोल्हापूरचा खास प्रकार म्हणावा लागेल. शहरातील रस्त्यांवरच्या टोलविरोधी लढ्यात शेकापचे एन. डी. पाटील आणि भाकपचे गोविंद पानसरे यांच्याबरोबर विरोधी विचारांचे लोकही रस्त्यावर होते. डिसेंबर २०१५ मध्ये टोल रद्द झाला. तो निर्णय पाहायला पानसरे नव्हते, त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांची हत्या झाली.

सक्तीचे स्थलांतर : निवड नेहमी स्वेच्छेची नव्हती. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाल्यावर कोल्हापूर, सांगली, सातारा भागात ब्राह्मणांची घरे जाळली गेली. शहरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही आगीत सापडला. खेड्यांतील अनेक कुटुंबे शहरांकडे गेली आणि परतली नाहीत.

कायदा : संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(ङ) नुसार नागरिकाला देशात कोठेही राहण्याचा अधिकार आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व एका समाजापुरते ठेवावे का, हा प्रश्न अहमदाबादच्या पारशी संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. २००५ मध्ये न्यायालयाने संस्थेच्या बाजूने निकाल दिला.

नवी उपनगरे : पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव, फुलेवाडी या बाजूंना वाढलेल्या वसाहतींत शेजार मिश्र असतो. प्लॉट किमतीवर आणि पाण्याच्या सोयीवर घेतला जातो. कागल, भुदरगड, राधानगरीकडून आलेल्या कुटुंबांपैकी कित्येकांची नावे मतदार यादीत अजून गावाकडेच आहेत. विकास सेवा सोसायटीतला शेअर आणि दूध संस्थेचे सभासदत्वही तिकडेच असते. मतदानाच्या दिवशी अशा घरांना कुलूप असते, आणि त्यांना न्यायला गटाची गाडी आदल्या रात्रीच आलेली असते.