पार्श्वभूमी: ग्लायडरचा रेडिओ, सर्व्हो आणि दोघांमधली बॅटरी

रिमोटवर उडणारं मॉडेल ग्लायडर बांधून होत आलं की प्रश्न दोन उरतात: रेडिओ (हातातला ट्रान्समीटर आणि विमानातला रिसीव्हर) कुठला आणि सर्व्हो (रडर-फ्लॅपसारखे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी) कुठले. जवळजवळ सगळेजण ते वेगवेगळे सोडवतात. रेडिओवर महिनाभर खल, आणि सर्व्हो उरलेल्या पैशांत. ही सवय जुनी आहे आणि तिला कारणही होतं, कारण एके काळी विमान पाडायचा तो रेडिओच. आता तसं फारसं होत नाही, पण खापर अजून त्याच्याच डोक्यावर फुटतं.

अगदी सुरुवातीचा काळ थोडक्यात उरकतो. १९४०च्या दशकातल्या साध्या सेटला एकच बटण असे. ते दाबलं की रबराच्या पिळावर चालणारी एस्केपमेंट नावाची यंत्रणा एक घर सरकायची आणि रडर (विमान वळवणारी शेपटावरची फळी) पूर्ण डावीकडे किंवा पूर्ण उजवीकडे जायचं. मग रीडचे (कंप पावणाऱ्या पात्यांचे) सेट आले आणि १९६०च्या दशकात प्रपोर्शनल: स्टिक जेवढी हलवाल तेवढंच रडर हलणार. त्या दशकात रुळलेला संकेत आजही चालू आहे. सर्व्होला जाणारा १.५ मिलीसेकंदाचा पल्स (विजेचा ठोका) म्हणजे मध्य, १ आणि २ म्हणजे दोन टोकं, आणि असा पल्स साधारण दर २० मिलीसेकंदांनी. रेडिओच्या कितीतरी पिढ्या गेल्या, सर्व्होच्या तीन तारा त्याच राहिल्या.

क्रिस्टलचा (सेटची फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या तुकड्याचा) जमाना पाहिलेले लोक नाशिकमध्ये अजून उडवतात, आणि त्यांच्या सवयींचा उगम तिथेच आहे. सेट बहुधा परदेशातून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून यायचा. अमेरिकेतून आला तर ७२ मेगाहर्ट्झ, युरोपातून आला तर ३५. रिसीव्हरची जवळपास मीटरभर लांब तार शेपटापर्यंत न्यायची. मैदानात आल्यावर पहिला प्रश्न ‘तुझं चॅनल कुठलं?’ हाच. एकाच क्रिस्टलचे दोन ट्रान्समीटर चालू झाले की हवेतलं विमान गेलंच म्हणून समजा.

तेव्हाच्या साध्या पीपीएम (सर्व्होंचे पल्स जसेच्या तसे पाठवणाऱ्या) सेटमध्ये एक गुण होता, ज्याची आठवण आता कुणी काढत नाही. सिग्नल खराब व्हायला लागला की सर्व्हो झटके द्यायचे. विमान थरथरलं की पायलट जवळ वळवायचा. तेच आकड्यांत पाठवणारे पीसीएम सेट आले ते मात्र खराब फ्रेम टाकून द्यायचे आणि शेवटची चांगली स्थिती धरून ठेवायचे. फेलसेफ, म्हणजे सिग्नल गेल्यावर सर्व्होंनी काय करायचं हे आधीच ठरवून ठेवणं, तिथूनच रुळला. विमान शेवटपर्यंत गुळगुळीत उडायचं आणि मग एकदम ऐकेनासं व्हायचं. सूचना न देता ताबा जातो, ही भीती तेव्हाची आहे.

२८ जानेवारी २००५च्या अधिसूचनेने भारतात २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला. त्याच वर्षी लहान मॉडेलसाठी २.४चे पहिले स्प्रेड स्पेक्ट्रम (सिग्नल पट्टाभर पसरवून पाठवणारे) सेट बाजारात आले आणि पाठोपाठ मोठ्या विमानांना चालतील असेही. क्रिस्टल गेली, कुणाचं चॅनल चालू आहे ते दाखवणारा चिमट्यांचा फळा गेला, मीटरभर तार जाऊन रिसीव्हरवर तीनेक सेंटिमीटरचा अँटेना उरला. मात्र काही वर्षांतच नवी तक्रार सुरू झाली: ‘टू पॉइंट फोर ग्लायडरला चालत नाही, मध्येच लिंक जाते.’

हा वाद इथे अजून मिटलेला नाही, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. एका बाजूचं म्हणणं असं, की २.४ला आडोसा सहन होत नाही आणि कार्बन फायबरची फ्यूजलाज (विमानाचं धड) म्हणजे आडोसाच. यात चूक काही नाही. पूर्ण कार्बनच्या नाकात रिसीव्हर बंद करून ठेवला तर रेंज खरोखरच घटते, म्हणूनच नाकाचा भाग ग्लास किंवा केवलारमध्ये करायची पद्धत पडली किंवा अँटेना बाहेर काढावे लागले. पण गिरणारे-दिंडोरीकडच्या मोकळ्या रानात नवशिक्यांची जी ग्लायडरं पडतात ती फोमची किंवा बाल्साची असतात. त्यांत कार्बन कुठून आला?

दुसरी बाजू बॅटरीवाल्यांची, आणि माझा कल उघडपणे त्यांच्याकडे आहे. जुना एफएम रिसीव्हर चार सेलच्या ४.८ व्होल्टवर चालायचा. व्होल्टेज क्षणभर पडलं तरी तो थोडा अडखळून पुढे चालू लागायचा. २.४च्या रिसीव्हरमध्ये प्रोसेसर असतो. व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की तो बंद पडून पुन्हा चालू होतो, आणि सुरुवातीच्या काही रिसीव्हरना ट्रान्समीटर पुन्हा सापडायला चांगले काही सेकंद लागायचे. नेमके त्याच काळात डिजिटल सर्व्हो स्वस्त झाले. ॲनालॉग सर्व्हो मोटरला सेकंदाला साधारण ५० वेळा ढकलतो, डिजिटल ३००च्या आसपास. जागा घट्ट धरतो आणि करंटही तसाच ओढतो. म्हणजे लोकांनी एकाच वेळी नाजूक रिसीव्हर आणि भुकेले सर्व्हो घेतले, बॅटरी जुनीच ठेवली आणि बोल लावला २.४ला.

पॉवर (मोटर असलेल्या) ग्लायडरमध्ये त्यात ईएससीच्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटच्या) बीईसीची, म्हणजे रिसीव्हर आणि सर्व्होंना वीज देणाऱ्या रेग्युलेटरची भर. लिनिअर बीईसी भरलेल्या तीन सेलच्या लायपो बॅटरीचे १२.६ व्होल्ट ५वर आणतो, म्हणजे एक अँपिअर ओढला तर ७.६ वॉट नुसती उष्णता. मोटर बंद करून तासभर तरंगायचं तर सर्व्हो तासभर काम करणार, आणि ग्लायडरचं नाक मुद्दामच निमुळतं आणि बंदिस्त. एप्रिल-मेमधल्या नाशिकच्या दुपारी, जेव्हा थर्मल (वर चढणारे गरम हवेचे झोत) सगळ्यात चांगले मिळतात, तेव्हाच बीईसी तापून हात टेकतो.

दोन्ही बिघाड ओळखू येण्यासारखे असतात. विमान लांब असताना, एका विशिष्ट कोनात वळल्यावर ताबा जात असेल तर अँटेनाकडे बघावं. उतरताना पंखाच्या मागच्या कडेचे फ्लॅप खाली आणि एलरॉन वर असा क्रो (हवेतला ब्रेक) लावला आणि त्याच क्षणी ताबा गेला, विमान शंभर फुटांवर असूनही, तर तो रेडिओ नव्हे, वीजपुरवठा. टेबलावर सगळे सर्व्हो जोडून, दोन्ही स्टिक गोल फिरवत, एक फ्लॅप बोटाने अडवायचा आणि रिसीव्हरच्या रिकाम्या पोर्टवरचा मीटर बघायचा. पाचावरचा काटा चाराकडे झुकला तर उत्तर मिळालं. बऱ्याचदा दोषी बॅटरीही नसते, पंखाच्या मुळाशी दरवेळी काढघाल करून सैल झालेला कनेक्टर असतो.

टेलिमेट्री (विमानातून खाली माहिती पाठवायची सोय) आल्यावर रिसीव्हरचं व्होल्टेज हातातल्या ट्रान्समीटरवर दिसू लागलं. वाद तिथेच संपायला हवा होता. पण टेलिमेट्रीचा आकडा सावकाश बदलतो, काही मिलीसेकंदांचा खड्डा त्यात दिसत नाही, आणि रेडिओलाच दोष देणाऱ्यांना तेवढी फट पुरते.

मधल्या काळात रेडिओच्या बाजूला बरंच घडलं. लांब पल्ल्याच्या लोरा रेडिओ चिपवर चालणारी खुल्या स्रोताची एक्सप्रेसएलआरएस प्रणाली आली आणि स्वस्त रिसीव्हरलाही ग्लायडरसाठी गरजेपेक्षा जास्त रेंज मिळाली. तिची नऊशे मेगाहर्ट्झच्या घरातली हार्डवेअर घेणाऱ्यांनी एवढं बघावं की अमेरिकेचा ९१५चा पट्टा आपल्याकडे खुला नाही; आपल्याला ८६५ मेगाहर्ट्झच्या पुढचा छोटा पट्टा आहे आणि फर्मवेअरमध्ये त्याची वेगळी निवड असते. फेब्रुवारी २०२२मध्ये तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली, सुटे भाग वगळले गेले. तरी ट्रान्समीटर हे वायरलेस उपकरण असल्याने मान्यतेचा कागद लागतो.

ऑगस्ट २०२१च्या ड्रोन नियमांचा परिणाम इथे जास्त जाणवतो. ओझरचा विमानतळ आणि विमान कारखाना, गांधीनगरची लष्करी धावपट्टी, देवळालीचा तोफखाना, एवढं सगळं शहराला लागून असल्यावर घराबाहेर पडायच्या आधी नकाशा बघावाच लागतो. नकाशातल्या हिरव्या भागातही विनापरवानगी मर्यादा ४०० फुटांची, आणि बरा थर्मल ग्लायडरला ती सहज ओलांडायला लावतो. थर्मल शोधायला घेतलेला व्हॅरिओ (चढ-उताराचा वेग सांगणारं उपकरण) आता उंचीचा इशारा द्यायलाही वापरला जातो.

सर्व्होच्या बाबतीत प्रगती कमी आणि गोंधळ जास्त. दुकानात मिळणारा निळा नऊ ग्रॅमी सर्व्हो इंजिनिअरिंगच्या पोरांच्या प्रोजेक्टमुळे सगळीकडे पोचला. दीड-दोन मीटरच्या फोमी ग्लायडरच्या रडर-एलिव्हेटरला (एलिव्हेटर म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटाची फळी) तो चालतो. फ्लॅपला नाही, कारण उतरताना खाली लोंबलेला फ्लॅप ढेकळात अडकला की पहिला दणका नायलॉनच्या दात्यांना बसतो. तिथे मेटल गिअरच हवा. एलिव्हेटरला मात्र ताकदीपेक्षा तो दरवेळी त्याच मध्यावर परत येतो का हे महत्त्वाचं. आर्म बोटात धरून हलवली आणि जाणवण्याइतकी ढिली लागली, तर पाकिटावरचा किलो-सेंटिमीटरचा (ताकदीचा) आकडा कितीही मोठा असला तरी तो सर्व्हो शेपटाकडे लावू नये.

अलीकडचा बदल हाय-व्होल्टेज सर्व्होंचा. दोन सेलचा लायपो, भरलेला असताना ८.४ व्होल्ट, सरळ रिसीव्हरला लावायचा, मध्ये बीईसी नाही. अडचण एवढीच की डब्यात जमलेल्या जुन्या सर्व्होंपैकी बरेचसे ६ व्होल्टचे असतात आणि नव्यांचा कनेक्टर हुबेहूब तसाच. असा एक जरी पंखात राहिला तर तो जळणार, म्हणून मिश्र साठा असलेल्यांनी अजून तरी रेग्युलेटर काढून टाकलेला नाही.